कान तयार करणारे गुरुजी : पं. विष्णु दिगंबर पलुसकर



स्मरणिकेसाठी लेख द्यायचा निरोप आला, तेव्हा मी शाळेच्या आठवणी लिहायला बसले होते. दोन पानं झालीही होती. तेवढ्यात आपल्या ग्रुपवर तो वाद सुरू झाला. तीस वर्षांनी भेटतो आहोत तर प्राथमिक विभागाला काहीतरी कायमचं द्यावं, यावर एकमत झालं. संगीताची खोली द्यावी, यावरही झालं. पण त्या खोलीत काय ठेवायचं आणि पहिली ते चौथीच्या मुलांनी तिथे काय शिकायचं, यावर तीन आठवडे घासाघीस चालली. काहींना आठ-दहा कीबोर्ड घ्यायचे आहेत. काहींना मुलं लवकरात लवकर परीक्षांना बसवायची आहेत. काहींना स्नेहसंमेलन आणि आंतरशालेय स्पर्धा गाजवणारा एक चांगला चमू हवा आहे.

या वादात मी गप्प होते, आणि त्याला कारण आहे. चौथीत असताना एका स्पर्धेच्या समूहगीतात मला मागच्या ओळीत उभं केलं होतं आणि नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. कोणी, कुठे, ते आता महत्त्वाचं नाही. सांगणाऱ्याला बक्षीस हवं होतं, माझा सूर लागत नव्हता, हिशेब सरळ होता. त्यानंतर मी चारचौघांत कधी गायले नाही. बारशाला पाळणा म्हणायची वेळ आली की मी स्वयंपाकघरात काम शोधते. म्हणून मला वाटलं, वादात पडण्याआधी ज्याने हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या आधी हाती घेतला, त्याचं चरित्र नीट वाचावं. आणि तो माणूस आपल्याच भागातला निघाला.

सातारहून सांगलीला इंजिनिअरिंगला जाताना मी चार वर्षं रेल्वेने ये-जा केली. कऱ्हाड गेलं की पुढे किर्लोस्करवाडी लागायचं. स्टेशनला नाव कारखान्याचं, पण शेजारचं मोठं गाव म्हणजे पलूस. त्या पलूसचं नाव एका गाणाऱ्या माणसाने देशभर नेलं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. त्यांचा जन्म मात्र १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांचं एक छोटं संस्थान होतं. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात मोडतं, पण सांगली-मिरजेपासून हाकेच्या अंतरावर आहे. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. त्यामुळे झांजेची लय, अभंगाची चाल आणि समोर बसलेल्या माणसांना धरून ठेवणारा आवाज या गोष्टी विष्णूच्या कानावर पाळण्यातच पडल्या. त्याचा पहिला संगीतवर्ग म्हणजे वडिलांचं कीर्तन, आणि तिथे परीक्षा नव्हती.

विष्णू गावातल्या शाळेत जात होता. लहान वयातच एक अपघात झाला. जवळच नरसोबाची वाडी, कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचं दत्ताचं ठिकाण. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडवताना एक फटाका त्याच्या तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गावात लगेच उपचार मिळण्यासारखी परिस्थिती नव्हती. काही काळ त्याला दिसेनासंच झालं. पुढे उपचाराने थोडी दृष्टी आली, पण अधू राहिली. पुस्तक डोळ्यांशी धरून तासन्‌तास अभ्यास करणं आता शक्य नव्हतं. शाळा संपली.

आजही एखादं मूल असं अडलं की घरातली माणसं हवालदिल होतात; १८८०च्या आसपास तर काय झालं असेल, कल्पना करा. मिरजेत डॉ. भडभडे यांनी त्याच्यावर उपचार केले आणि या मुलाने गाणं शिकावं, असं त्यांनीच सुचवलं, असं सांगतात. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि विष्णू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागला.

बाळकृष्णबुवा हे मोठं नाव. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली ती त्यांनी. ती विद्या मिळवण्यासाठी त्यांनी स्वतः घरदार सोडून अपार कष्ट सोसले होते, आणि शिकवण्याची त्यांची रीतही तशीच कडक होती. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, गुरू सांगतील तेव्हा आणि सांगतील तेवढंच घ्यायचं, आणि ते घोटत राहायचं. वही नाही, पुस्तक नाही, वेळापत्रक नाही. सगळा व्यवहार कानाने. अधू डोळ्यांच्या मुलाला ही पद्धत एका परीने सोयीची होती. पहाटेपासून रियाज करून विष्णूने आवाज कमावला. पण या पद्धतीत कोण शिकू शकतो आणि कोणाला दारातूनच परत जावं लागतं, हेही त्याला जवळून दिसलं. ज्याच्यापाशी आयुष्याची दहा वर्षं देण्याची तयारी आणि गुरूची मर्जी दोन्ही आहेत, त्यालाच गाणं. बाकीच्यांनी लांबून ऐकायचं, तेही मेहफिलीचं आमंत्रण असलं तर.

त्याच काळातली एक हकीकत सांगितली जाते. मिरजेत एका समारंभाला संस्थानिकांचा आश्रित म्हणून विष्णूला बोलावणं आलं, पण गुरूंना आलं नाही. त्याने विचारपूस केली तेव्हा गवयांना अशा ठिकाणी कोण बोलावतं, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. बुवांसारखा माणूस दरबारात गायला चालतो, पण पंक्तीला चालत नाही, हे त्याला लागलं. गवयाला आणि गाण्याला समाजात मान मिळवून द्यायचा, हा विचार तिथून त्याच्या डोक्यात बसला असं त्यांचे चरित्रकार मानतात. पुढे गुरूंशीही संबंध दुरावले आणि १८९६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. संस्थानचा आश्रय, राहण्याखाण्याची सोय, सगळं मागे ठेवून.

औंध, सातारा असं करत ते पुढे बडोद्याला आणि ग्वाल्हेरला गेले. सौराष्ट्रात त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. राजवाड्यात गाण्याऐवजी तिकीट लावून सर्वांसाठी जलसा केला. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तोवर शास्त्रीय गाणं ऐकायचं तर कोणाच्या तरी दिवाणखान्यात शिरकाव हवा होता. थोडे पैसे देऊन कोणालाही येऊन बसता येईल अशी बैठक म्हणजे गाणं दिवाणखान्यातून चौकात आणणं होतं. पुढे ते मथुरेत राहिले, व्रजभाषा आणि ध्रुपद शिकले, जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात गायले, आणि शेवटी लाहोरला पोचले. महाराष्ट्रापासून इतक्या लांब, जिथे आपली भाषा बोलणारं कोणी नाही, तिथे त्यांनी मुक्काम ठोकला.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. संस्थेमागे कोणी राजा नव्हता. लोकवर्गणी, जलशांचं उत्पन्न आणि विद्यार्थ्यांची फी यांवर ती चालायची होती. सुरुवातीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही, असं सांगतात. ठरलेल्या वेळी दार उघडायचं, तंबोरा लावायचा आणि स्वतःच रियाज करत बसायचं, असा क्रम त्यांनी ठेवला. हळूहळू मुलं येऊ लागली. पुढे मुलींसाठी वेगळे वर्ग निघाले. घरंदाज बाईने गाणं म्हणजे अब्रूवर बोट, असं मानण्याचा तो काळ होता, हे लक्षात घेतलं म्हणजे या वर्गांचं धाडस कळतं.

या शाळेत त्यांनी जे केलं, ते आपल्याला इतकं ओळखीचं आहे की त्यात नवं काय होतं हे सांगावं लागतं. घंटा, वेळापत्रक, इयत्ता, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र, प्रार्थना, शिस्त. आपल्या शाळेत जे जे होतं ते सगळं त्यांनी गाण्याला लावलं. संगीत हा विषय भूगोलासारखा तासाला शिकता येतो, ही कल्पनाच तोवर लोकांना पटणारी नव्हती.

तासाला शिकवायचं तर पुस्तक हवं, आणि पुस्तक हवं तर गाणं लिहिता यायला हवं. म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादी गोष्ट कागदावर कशी मांडायची यावर आम्ही महिनोन्‌महिने भांडतो, त्यामुळे ही लिपी पाहताना मला फार गंमत वाटली. स्वराखाली आडवी रेघ असली तर एक मात्रा, छोटं वर्तुळ असलं तर अर्धी, वाटीसारखी खूण असली तर पाव. मंद्र सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर टिंब, तार सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. समेला १ हा आकडा, खालीला अधिकचं चिन्ह. म्हणजे प्रत्येक स्वर किती वेळ टिकतो, हे चिन्हातच सांगितलं होतं. त्याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी दुसरी, लिहायला अधिक सुटसुटीत लिपी केली. तिच्यात मंद्राचं टिंब स्वराच्या खाली येतं आणि तारेचं वर, त्यामुळे दोन्हींकडे शिकलेल्या मुलाचा हमखास घोटाळा होतो. पुढे भातखंड्यांचीच लिपी जास्त पसरली. पण लय डोळ्यांना दिसावी हा पलुसकरांचा आग्रह त्यांच्या लिपीत उठून दिसतो.

त्यांनी पुस्तकंही भराभर काढली. त्यांची संख्या पन्नासाच्या वर जाते असं म्हणतात. त्यांतली लहान मुलांसाठीची पुस्तकं मला आपल्या वादासाठी महत्त्वाची वाटतात. ‘संगीत बालप्रकाश’ आणि ‘संगीत बालबोध’ ही मुलांसाठी पायरीपायरीने रचलेली पुस्तकं. ‘महिला संगीत’ स्त्रियांसाठी. ‘रागप्रवेश’ पुढच्या विद्यार्थ्यांसाठी, अनेक भागांत. व्यायामाबरोबर संगीत शिकवण्यासाठीही त्यांनी एक पुस्तक काढलं. हे शेवटचं वाचून मी थांबले. लहान मूल लय आधी पायांनी आणि हातांनी शिकतं, नंतर डोक्याने, हे आज बालशिक्षणातले जाणकार सांगतात. कवायतीच्या मैदानावर गाणं नेणाऱ्या या माणसाला ते शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं.

आता त्यांच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. त्यांच्या संस्थेत शिकणारे दोन प्रकारचे होते. एक उपदेशक वर्ग. त्यात निवडक मुलं संस्थेतच राहत, त्यांच्या जेवणाखाण्याचा आणि शिक्षणाचा भार संस्था उचलत असे, आणि बदल्यात त्यांनी अनेक वर्षं शिकायचं आणि पुढे शिकवायचं असा करार असे. बाळकृष्णबुवांच्या घरची रीतच इथे नव्या रूपात आली होती. दुसरे साधे विद्यार्थी, दिवसाकाठी तासभर येणारे. यांतून मोठे गवई निघत नाहीत अशी टीका तेव्हाही झाली. त्यावर त्यांची भूमिका स्पष्ट होती. तासाला येणाऱ्या प्रत्येकाचा तानसेन करण्याचा त्यांचा दावाच नव्हता. त्यांना कानसेन घडवायचे होते. चांगलं गाणं ओळखणारे, त्यात रमणारे आणि चारचौघांत बसून चार ओळी म्हणणारे हजारो लोक तयार झाले, तर तानसेनांना ऐकणारं कोणी राहील. दोन वर्गांची ध्येयं त्यांनी कधी एकमेकांत मिसळली नाहीत. आपण ग्रुपवर नेमकं तेच मिसळतो आहोत.

उपदेशक वर्गाने काय दिलं, ते नावांवरूनच कळतं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर, नारायण मोरेश्वर खरे. यांतले पटवर्धन आणि देवधर मूळ मिरजेचे, व्यास कोल्हापूरचे. म्हणजे लाहोर-मुंबईत उभ्या राहिलेल्या त्या शाळेला माणसं पुन्हा आपल्याच भागाने पुरवली. खरे यांची गोष्ट तर आपल्या विषयाला फार जवळची आहे. गांधीजींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा पलुसकरांनी खऱ्यांना तिकडे पाठवलं. आश्रमातली सगळी लहानथोर मंडळी रोज एकत्र गात. तिथे आवाज चांगला असणं ही अट नव्हती. खरे १९३०च्या दांडीयात्रेतही चालत गेले. रामधुनीची जी चाल आपण लहानपणापासून ऐकतो, ती पलुसकरांच्या नावाशी जोडलेली आहे. गांधीजींच्या विचारांतून १९३७ नंतर जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना आली, तिच्या अभ्यासक्रमात सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी संगीत हा विषय होता. हौशी मुलांसाठी नव्हे, प्रत्येकासाठी.

१९०८ मध्ये पलुसकरांनी मुंबईत शाखा काढली आणि हळूहळू तीच मुख्य झाली. विद्यार्थी वाढले, वसतिगृह आलं, वाद्यं दुरुस्त करण्याचा कारखाना आणि छापखाना आला. सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. तिच्यासाठी कर्ज काढावं लागलं. ते फेडायला पंडितजी देशभर जलसे करत फिरत राहिले. याच वर्षांत त्यांचं मन रामभक्तीकडे अधिकाधिक ओढ घेऊ लागलं. गाण्याच्या बैठकीपेक्षा रामायणाचं प्रवचन आणि नामस्मरण त्यांना जवळचं वाटू लागलं. हिशेबाची बाजू ढासळत गेली आणि १९२४च्या सुमारास सावकारांनी इमारतीचा लिलाव केला. वीस-बावीस वर्षांची कमाई गेली. तिच्यापाठी राबलेल्या शिष्यांची तेव्हाची अवस्था वाचताना गलबलून येतं. आपल्या कोणाच्या नशिबी असा दिवस येऊ नये.

घरातलं दुःख याहून मोठं होतं. त्यांची बहुतेक सगळी अपत्यं लहानपणीच गेली. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा हाती लागला. पुढे पंडितजी नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले, प्रकृती खालावली, आणि अखेरीस ते मिरजेला परतले. जिथे अधू डोळ्यांचा मुलगा म्हणून ते गाणं शिकायला आले होते, तिथेच २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचं निधन झालं. तीन दिवसांपूर्वीच त्यांना एकोणसाठ वर्षं पूर्ण झाली होती. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे वडिलांच्या शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी घडवलं. तोच मुलगा म्हणजे द. वि. पलुसकर. तोही १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला, पण त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही घराघरांत ऐकल्या जातात.

इमारत गेली तरी काम थांबलं नाही. शिष्यांनी १९३१ मध्येच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. आज प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा देशभरातली हजारो मुलं देतात, आणि त्या परीक्षांचं कार्यालय आपल्या मिरजेत आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या कपाटात ते प्रमाणपत्र असेल.

पण चरित्र लिहायचं तर दुसरी बाजूही लिहायला हवी. गाण्याला मान मिळवून देताना पलुसकरांनी ते भक्तीच्या आणि सदाचाराच्या चौकटीत बसवलं. त्यात पिढ्यान्‌पिढ्या गाणं जपणाऱ्या उस्तादांना आणि कलावंतिणींना बाहेर राहावं लागलं, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे, आणि ते खोटं नाही. मिरजेतच पाहा. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गायले. पलुसकरांनी आणि इतरांनी जे तंबोरे लावले, ते पंढरपूरकडचे भोपळे आणून मिरजेच्या सतारमेकरांनी घडवलेले. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सुरू झालेल्या त्या कारागिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांना संगीत शिकवायचं तर हे सगळं त्यात यायला हवं.

दुसरी गोष्ट परीक्षांची. कानसेन घडवण्यासाठी निघालेली पायरी पुढे अनेक घरांत प्रमाणपत्रांची शिडी झाली. सहा वर्षांच्या मुलाला रागाचा वादी-संवादी पाठ येतो, पण तंबोऱ्याचा सा ऐकून त्यात सा मिळवता येत नाही, हे चित्र आपण पाहिलेलं आहे. त्याचा दोष पलुसकरांच्या पदरी घालता येणार नाही. घाई आपली आहे. खरं तर त्यांचं स्वतःचं आयुष्य उलटा क्रम सांगतं. आधी वडिलांचं कीर्तन कानावर, मग गळा, मग कितीतरी वर्षांनी कागद. हंगेरीत झोल्तान कोडाय या संगीतकाराने विसाव्या शतकात शाळांसाठी हाच क्रम लावला. आधी आपल्या मातीतली गाणी गायची, हातांच्या खुणांनी स्वर दाखवायचे, आणि लिहिणं-वाचणं त्यानंतर. दोघांची भेट कधी झाली नाही, पण लहान मुलाचा कान सगळीकडे सारखाच असतो.

म्हणून आता मी वादात माझं मत टाकते. पहिली ते चौथीच्या खोलीत कीबोर्ड नकोत. दोन चांगले मिरजेचे तंबोरे घेऊ, एक पेटी, एक तबला-डग्गा, आणि टाळ, झांजा, लेझीम, डफ. पहिल्या वर्षी मुलांनी फक्त दोन गोष्टी कराव्यात. टाळी-खाली हाताने देत, चालत, नाचत दादरा आणि केरवा अंगात मुरवावेत, आणि डोळे मिटून सा ऐकून त्यात आपला सा मिसळावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोपे अलंकार, भूप-दुर्गासारख्या पाच स्वरांच्या रागातली छोटी गाणी. आणि खूप सारी गाणी पाठ. ओव्या, अभंग, भोंडल्याची गाणी, पोवाडे. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे, रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे ही सगळी आपल्या दोन जिल्ह्यांतली माणसं. त्यांचं गाणं आपल्या मुलांना परकं राहू नये. रोज पाच मिनिटं नुसतं ऐकणं, आणि त्यावर काय वाटलं ते बोलणं. स्वरलिपी चौथीत दाखवावी, तीही आधी पाठ असलेल्या गाण्याची. परीक्षा ज्याला हवी त्याने पाचवीनंतर द्यावी. ज्या मुलाचा गळा खरंच वेगळा आहे, त्याला बाईंनी ओळखून योग्य गुरूकडे पाठवावं. त्याचा खर्च आपण उचलू. तो आपला उपदेशक वर्ग.

आणि खोलीचा एकच नियम असावा, की कोणत्याही मुलाला गाऊ नकोस असं सांगायचं नाही. सूर न लागणं ही बहुतेक लहान मुलांच्या बाबतीत ऐकण्याची सवय नसणं असतं. सवय लावली की तो लागतो. वेळ लागतो, पण लागतो. बक्षीस मिळवण्यासाठी एका मुलाला मागच्या रांगेत गप्प बसवलं, तर एक कानसेन कमी होतो.

आमच्या बॅचच्या वर्गणीतून जी रक्कम उरेल, ती संगीतशिक्षकाच्या मानधनासाठी राखून ठेवावी, इमारतीच्या सजावटीसाठी नव्हे. पंडितजींची इमारत गेली आणि शिष्य राहिले, एवढा हिशेब मला पुरेसा वाटतो. निर्णय मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत घेऊ. बैठकीआधी नेहमीप्रमाणे प्रार्थना आहे. मी या वेळी पहिल्या ओळीत उभी राहणार आहे आणि मोठ्याने म्हणणार आहे. सूर लागला नाही तर समजून घ्या.

– दहावी ‘ब’, मार्च १९९६